गुन्ह्याचा प्रयत्न म्हणजे काय?

"काहीच चोरीस गेले नाही, तर मग चोरी कसली?" असा प्रश्न काही वर्षांपूर्वी एका पालकांनी आम्हांस विचारला, आणि त्या वेळी आम्हांस त्याचे धड उत्तर देता आले नाही. ज्या शिक्षकास मुलांच्या चुकांचे माप करावयाचे असते, त्यास असे निरुत्तर होणे शोभत नाही. म्हणून पुढे आम्ही त्या प्रश्नाचा यथाशक्ति अभ्यास केला. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू होय.

हकीकत अशी. सहामाही परीक्षा आठ दिवसांवर आली होती. नववीच्या वर्गातील दोन मित्रांनी शिक्षकांच्या खोलीतील कपाटाची किल्ली मधल्या सुट्टीत हळूच उचलली, साबणाच्या वडीवर तिचा ठसा घेतला, किल्ली होती तेथे ठेवून दिली, आणि किल्लीवाल्याकडून तशीच दुसरी किल्ली करवून घेतली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघे निघाले. जिन्याच्या पायथ्याशी मात्र एकाचे पाऊल अडखळले. "मी येत नाही," असे म्हणून तो माघारी फिरला, आणि घरी जाऊन त्याने सर्व गोष्ट आपल्या आईस सांगितली. दुसरा वर गेला. त्याने कपाट उघडले व वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत सर्व चाचपून पाहिले. परंतु प्रश्नपत्रिका अद्याप छापखान्यातून आल्याच नव्हत्या! जुनी हजेरीपुस्तके आणि खडूची खोकी ह्यांखेरीज कपाटात काही नव्हते. तेवढ्यात शिपाईमामा दिवे मालविण्यास आले आणि मुलगा सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माघारी फिरलेल्या मुलाची आई आपण होऊन त्यास घेऊन शाळेत आली व त्याने सर्व कबूल केले. शिक्षकांची सभा भरली. दोघांनाही शाळा सोडल्याचा दाखला द्यावा असे ठरले. किल्ली दोघांनी करविली, बेत दोघांचा. मग शिक्षेत भेद का करावा, असा सर्वांचा विचार पडला, आणि त्या ठरावास आम्हीही हात वर केला. सायंकाळी सापडलेल्या मुलाचे वडील आले, आणि त्यांनी वर दिलेला प्रश्न विचारला. "सर, कपाट रिकामे होते. माझ्या मुलाने एक कपटासुद्धा नेला नाही. मग तुम्ही त्यास चोर कसे म्हणता?" आम्ही काहीतरी बोललो खरे, परंतु त्या बोलण्याने त्यांचे समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही.

आमच्या मंडळीतील एक वडीलधारे वकील येथील न्यायालयात काम चालवितात. रविवारची उपासना संपल्यावर आम्ही त्यांस ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या दोन मुलांनी कायद्यातला सर्वांत जुना व सर्वांत अवघड वाद उभा केला आहे." आणि त्यांनी आम्हांस काही ग्रंथ वाचावयास दिले. सीबीडी बेलापूर येथे न्यायालय आहे, नवी मुंबईचे पोलीस आयुक्तालयही आहे. आपली मुले रोज त्या इमारतींवरून ये-जा करितात. परंतु आत कोणत्या मापाने माप होते ह्याची आपणांस फारशी कल्पना नसते.

कोणताही बुद्धिपुरस्सर केलेला अपराध चार पायऱ्यांनी घडतो, असे कायदेपंडित सांगतात. पहिली पायरी उद्देशाची: मनात वाईट करावयाचे येणे. दुसरी तयारीची: साधने जमविणे. तिसरी प्रयत्नाची: प्रत्यक्ष त्या कृत्यास हात घालणे. आणि चौथी सिद्धीची: कृत्य पुरे होणे. चौथ्या पायरीस शिक्षा आहे हे कोणासही समजते. पहिल्या पायरीस शिक्षा नाही, हेही थोड्या विचाराने पटते. कायद्यास मनात डोकावता येत नाही. आणि मनातल्या प्रत्येक वाईट विचाराबद्दल तुरुंग दाखवावयाचे म्हटले, तर तुरुंगाबाहेर कोण उरेल? आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात रागाची व लोभाची पाळेमुळे अंतःकरणातच शोधावयास सांगितली, हे खरे. परंतु ते न्यायासन परमेश्वराचे आहे, दंडाधिकाऱ्याचे नव्हे. मनुष्याच्या न्यायालयाने मनुष्याच्या कृतीपुरतेच पाहावे, हे त्याच्या मर्यादेस धरूनच आहे.

खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये आहे. तयारीस सामान्यतः शिक्षा नाही, प्रयत्नास आहे. मग तयारी कोठे संपते आणि प्रयत्न कोठे सुरू होतो? ही रेषा कोठे ओढावी ह्याविषयी इंग्लंडातील न्यायाधीश दोन शतकांहून अधिक काळ वाद करीत आले आहेत. आणि आपला फौजदारी कायदा इंग्रजी अमलात घडला असल्यामुळे तो वाद आपल्याकडेही आला.

इंग्लंडात १७८४ साली स्कोफील्ड नावाच्या मनुष्याचा खटला चालला. त्याने एका घरात जळाऊ पदार्थांमध्ये पेटती मेणबत्ती ठेविली होती, असा आरोप होता. घर जळाले असे शाबीत करण्याची जरुरी नाही. वाईट हेतूने केलेले असे कृत्य स्वतःच अपराध होऊ शकते, हे तत्त्व त्या वेळी लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनी मांडिले. प्रयत्नाच्या कायद्याचा आधुनिक इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो. पुढे १८५५ सालच्या ईगलटन खटल्यात असे ठरले की, गुन्ह्यापासून फार दूरची कृत्ये प्रयत्नात मोडत नाहीत. गुन्ह्याशी अगदी लगत असलेले कृत्यच मोडते.

ह्या नियमाचा परिणाम कधी कधी मोठा चमत्कारिक होई. १९१५ सालच्या खटल्यातील रॉबिन्सन नावाच्या जवाहिऱ्याची गोष्ट पाहा. त्याने आपल्या मालाचा विमा उतरविला होता. एके दिवशी त्याने दागिने दडवून ठेविले, स्वतःस दोरीने बांधून घेतले, आणि "चोर! चोर!" म्हणून आरडाओरड केली. पोलीस धावून आले. त्यांस संशय आला, दागिने दुकानातच सापडले, आणि शेवटी त्याने विमा कंपनीस फसविण्याचा बेत असल्याचे कबूल केले. तरीही वरिष्ठ न्यायालयाने त्यास सोडिले! कारण असे की, त्याने विमा कंपनीकडे अद्याप मागणी केलीच नव्हती. पोलीस फसले होते, कंपनीपर्यंत गोष्ट गेली नव्हती. हे सर्व तयारीतच जमा झाले.

आता पाकिटमाराची गोष्ट घ्या, कारण आमच्या पालकांच्या प्रश्नाचे मूळ तीतच आहे. एखाद्याने दुसऱ्याच्या खिशात चोरीच्या हेतूने हात घातला, आणि खिसा रिकामा निघाला, तर तो चोरीचा प्रयत्न होय काय? इंग्लंडात १८६४ साली, कॉलिन्स खटल्यात, न्यायालयाने नाही म्हटले: जेथे चोरण्यासारखे काही नव्हते, तेथे चोरी होणे शक्यच नव्हते, मग प्रयत्न कसा? हे मत अठ्ठावीस वर्षे टिकले. १८९२ मध्ये न्यायालयाने ते बाजूस सारिले आणि रिकाम्या खिशातील हातही दोषी ठरविला. परंतु १९७३ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे उमरावांच्या सभेने, एका खटल्यात पुनः जुन्या मताकडे कल दिला, आणि सर्वत्र गोंधळ माजला. शेवटी पार्लमेंटने १९८१ साली प्रयत्नांविषयी स्वतंत्र कायदा केला. त्याने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, केवळ तयारीच्या पलीकडे गेलेले कृत्य म्हणजे प्रयत्न. दुसरी, गुन्हा पुरा होणे वस्तुतः अशक्य होते ही सबब चालावयाची नाही. इतके स्पष्ट लिहूनही १९८५ मध्ये त्याच न्यायपीठाची पुनः चूक झाली, आणि सुमारे एका वर्षातच, शिवपुरी नावाच्या मनुष्याच्या खटल्यात, त्याने ती आपल्याच तोंडाने कबूल करून सुधारली. ह्या शिवपुरीने आपण बंदी असलेला मादक पदार्थ बाळगीत आहोत अशा समजुतीने जे जवळ ठेविले होते, ते तपासणीत तपकिरीसारखे निरुपद्रवी चूर्ण निघाले. तरीही त्याचा दोष कायम राहिला. थोर न्यायाधीशांनी आपली चूक इतक्या लवकर व इतक्या उघडपणे मान्य केली, हेही ह्या इतिहासातून घेण्यासारखे आहे.

आपल्या देशात मात्र हा प्रश्न आरंभीच सुटला होता, हे वाचून वाचकांस नवल वाटेल. लॉर्ड मेकॉले ह्यांच्या आयोगाने १८३७ मध्ये जो मसुदा तयार केला, त्यातून १८६० ची भारतीय दंड संहिता निघाली व ती १८६२ च्या आरंभी अमलात आली. तिच्या अगदी शेवटच्या, ५११ व्या, कलमात प्रयत्नाची शिक्षा सांगितली होती, आणि सोबत दोन उदाहरणे दिली होती. एकात मनुष्य दागिने चोरण्यासाठी पेटी फोडतो व आत दागिने नसतात. दुसऱ्यात तो खिशात हात घालतो व खिसा रिकामा असतो. दोन्ही ठिकाणी तो दोषी! म्हणजे ज्या गोष्टीसाठी इंग्लंडास इतके हेलपाटे घालावे लागले, ती येथे इंग्लंडातील कॉलिन्स खटल्याच्या आधीच छापून तयार होती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यात हेच कलम ६२ वे असून ही दोन्ही उदाहरणे तशीच कायम आहेत. ज्या प्रयत्नासाठी स्वतंत्र कलम नाही, त्यास मूळ गुन्ह्याच्या दीर्घतम कारावासाच्या निम्म्यापर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तेव्हा आमच्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर ह्या कलमात मिळाले. कपाट रिकामे होते हा योगायोग. त्यात मुलाच्या हाताचा काही सद्गुण नव्हता. त्याच्याकडून जे व्हावयाचे ते सर्व झाले होते. उणे पडले ते छापखान्याकडून!

ह्या तत्त्वाची मोठी कसोटी आपल्या मुंबई उच्च न्यायालयात दोनदा लागली. पहिला खटला १८६७ सालचा, फ्रान्सिस कॅसिडी नावाच्या मनुष्याचा. त्या काळच्या बंदुकीस टोपी बसवावी लागे. टोपी नसेल तर घोडा पडूनही बार उडत नसे. कॅसिडीने ठार मारण्याच्या हेतूने एकावर भरलेली बंदूक रोखिली, परंतु तिच्यावर टोपी नव्हती, आणि हे त्यास ठाऊक नव्हते. घोडा ओढण्यापूर्वीच त्यास आवरण्यात आले. न्यायालयाने म्हटले की, खुनाच्या प्रयत्नाचे जे खास कलम, म्हणजे ३०७ वे, ते येथे लागू पडत नाही, कारण तसल्या बंदुकीने मृत्यू येणेच शक्य नव्हते. तथापि सामान्य प्रयत्नाचे ५११ वे कलम लागू पडते. म्हणजे तो सुटला नाही; केवळ कलम बदलले.

दुसरा खटला महाराष्ट्रातील जुन्या लोकांस चांगला ठाऊक असे. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयास भेट देण्यास गेले होते. तेथील वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे ह्या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. सोलापुरात १९३० साली पुकारलेल्या लष्करी कायद्याचा व तेथील जुलुमाचा सूड, ही त्यामागची प्रेरणा होती. हॉटसन वाचले. दारूगोळ्यात दोष होता म्हणून म्हणा, किंवा खिशातील कातडी पाकीट व नोटा आड आल्या म्हणून म्हणा, त्यांस इजा झाली नाही. आरोपीच्या बाजूने कॅसिडीचा जुना निर्णय पुढे करण्यात आला: ज्या गोळीने मृत्यू आला नाही व येणारही नव्हता, ती खुनाचा प्रयत्न कशी? मुख्य न्यायमूर्ती बोमंट ह्यांनी हा युक्तिवाद मानिला नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, मारण्याच्या हेतूने जवळून गोळी झाडणे हे नेहमीच्या व्यवहारात मृत्यू आणणारेच कृत्य होय. मध्ये काही आड आले व फळ निराळे निघाले, एवढ्याने कृत्याचे स्वरूप बदलत नाही. गोगटे ३०७ व्या कलमाखाली दोषी ठरले व त्यांस सश्रम कारावास भोगावा लागला. पुढे ते 'हॉटसन गोगटे' ह्या नावाने ओळखले जाऊ लागले.

त्यांच्या देशभक्तीचे मोल करणे हा ह्या लेखाचा विषय नव्हे. इतिहासाने ते आपल्या परीने केले आहे. आम्ही केवळ कायद्याचे तत्त्व सांगत आहो. बाराबंदीत पाकीट होते की नव्हते, ह्यावर मनुष्याचा दोष ठरू लागला, तर न्याय हा निव्वळ नशिबाचा खेळ होईल. आज हे कलम न्याय संहितेत १०९ वे आहे. त्यात दहा वर्षांपर्यंत कारावासाची, आणि प्रयत्नात कोणास इजा झाल्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली आहे.

येथवर 'अशक्य' प्रयत्नाची गोष्ट झाली. आता त्या दुसऱ्या मुलाकडे, जिन्याच्या पायथ्याशी थांबलेल्याकडे, वळले पाहिजे. त्याच्यासाठी आम्हांस दोन मालमोटारींच्या गोष्टी उपयोगी पडल्या.

पहिली पंजाबातील. १९६६ साली धान्य परवान्यावाचून प्रांताबाहेर नेण्यास बंदी होती. भाताची पोती भरलेली एक मालमोटार मालेरकोटल्याहून दिल्लीकडे निघाली, आणि दिल्ली बत्तीस मैल उरली असता समालखा नाक्यावर अडविली गेली. सरहद्द अद्याप काही मैल दूर होती. खालच्या न्यायालयांनी मोटार हाकणाऱ्यास दोषी ठरविले; परंतु १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. न्यायालयाने विचारले: नाक्यापासून सरहद्दीपर्यंतच्या वाटेत त्यांस कोणी सावध केले असते, किंवा त्यांचे मन आपोआप पालटले असते, तर ते माघारी फिरले नसते काय? जोवर अशी वाट शिल्लक आहे आणि हातून झालेले कृत्य सर्वस्वी निरुपद्रवी आहे, तोवर ती तयारीच होय.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. १९६८ च्या सप्टेंबर महिन्यात जकात खात्याच्या अधिकाऱ्यांनी एका रात्री मुंबईहून निघालेली एक जीप व एक मालमोटार ह्यांचा पाठलाग केला. वसईच्या खाडीकडे वळून त्या कामणच्या खाडीपुलाजवळ थांबल्या. हा मुलूख हल्ली पालघर जिल्ह्यात आहे, त्या वेळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. काही लहान पण जड गाठोडी खाडीच्या बाजूस उतरविली जात होती. तेव्हा अधिकारी पुढे सरसावले, आणि त्याच सुमारास खाडीच्या अंधारातून यांत्रिक बोटीचा आवाज ऐकू आला. झडतीत जीपमध्ये पंधरा आणि मालमोटारीत भुशाच्या पोत्यांखाली चोवीस चांदीच्या लगडी सापडल्या. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींस दोषी धरिले. ठाण्याच्या सत्र न्यायाधीशांनी 'ही तयारीच' म्हणून त्यांस सोडिले, आणि उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. परंतु १९८० मध्ये न्यायमूर्ती सरकारिया व चिन्नप्पा रेड्डी ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात तो निकाल फिरविला. चांदी पाण्याच्या काठापर्यंत आली होती, बोट जवळ होती, उतरविणे सुरू झाले होते. ह्याहून निराळा प्रयत्न तो कोणता? शेवटचे कृत्य होईपर्यंत वाट पाहिली पाहिजे असे नाही. हेतू स्पष्ट दिसेल असे, आणि गुन्ह्याच्या पुरेसे लगत असलेले कृत्य झाले, की रेषा ओलांडली गेली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दोहोंत वाहन आहे, माल आहे, बेत आहे. कोणतेही वाहन सरहद्दीपार गेलेले नाही. भेद आहे तो परत फिरण्याच्या वाटेचा. समालख्यास ती वाट मैलोगणती मोकळी होती. कामणच्या काठावर ती जवळजवळ संपली होती. तयारीस सामान्यतः शिक्षा नाही ह्याचे एक कारण हेच की, मनुष्यास आपला विचार बदलण्यास जागा मिळावी. लॅटिन भाषेत कायदेपंडितांनी ह्या जागेस पश्चात्तापाची जागा असेच नाव दिले आहे. रूक्ष म्हणून ज्या कायद्याची ख्याती, त्याच्या पोटात हा शब्द वाचून आम्हांस उधळ्या पुत्राचा दाखला आठवला. दूर देशी गेलेल्या त्या मुलासाठी बापाने परतीची वाट मोकळी ठेविली होती.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ही मोकळी जागा अमर्याद नाही. काही भयंकर गुन्ह्यांची तयारीसुद्धा शिक्षेस पात्र आहे: दरोड्याची तयारी, किंवा राज्याविरुद्ध युद्धासाठी शस्त्रे जमविणे. अनेकांनी मिळून गुन्ह्याचा कट करणे हाही स्वतंत्र अपराध आहे. आणि एकदा कृत्य प्रयत्नाच्या कक्षेत गेले, की मागाहून झालेल्या पश्चात्तापाने झालेला प्रयत्न पुसला जात नाही; शिक्षा देताना न्यायाधीश त्याचा विचार करतील, एवढेच.

विद्यार्थ्यांस विशेष लागू असा आणखी एक खटला सांगून हे प्रकरण संपवितो. पाटणा विद्यापीठाच्या १९५४ च्या एम. ए. परीक्षेस बाहेरून बसण्यासाठी अभयानंद मिश्र नावाच्या गृहस्थाने अर्ज केला. आपण पदवीधर असून शाळेत शिक्षक आहो असे त्याने लिहिले व खोटे दाखले जोडले. विद्यापीठाने परवानगी दिली, प्रवेशपत्रही धाडले. मग कळले की तो पदवीधर नाही, शिक्षक नाही, उलट पूर्वी परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल त्यास बंदी झालेली आहे! तो परीक्षेस बसलाच नाही. तेव्हा ही केवळ तयारी, असा त्याचा बचाव. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळिला. अर्ज लिहून होईपर्यंत तयारी होती; तो विद्यापीठाकडे धाडला त्या क्षणी तयारी संपली आणि फसवणुकीचा प्रयत्न सुरू झाला. परीक्षेच्या हंगामात कोणी खोटा कागद पुढे करण्याचा मोह धरील, तर त्याने टपालपेटीच्या तोंडाशी एकदा थांबून हा खटला आठवावा.

आता आमच्या दोन मुलांकडे परत येऊ. इतके वाचून झाल्यावर आम्हांस कळून चुकले की, त्या पालकांचे म्हणणे चुकीचे होते. परंतु आमचे हात वर करणेही चुकीचेच होते. वर गेलेल्या मुलास रिकाम्या कपाटाने निर्दोष ठरविले नव्हते. आणि जिन्यापाशी थांबलेल्या मुलास आम्ही वर गेलेल्याच्या पंक्तीस बसविले, तेव्हा आम्ही त्यास, आणि त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येक मुलास, एक भलताच धडा शिकविला होता: एकदा किल्ली केलीस, की मग फिरलास काय आणि गेलास काय, सारखेच! ज्यास परतीची वाट दिसत नाही, तो जिना चढतोच. वकीलसाहेबांनी आम्हांस बजाविले होते की, काटेकोर कायद्याने दोघांचा कट हा निराळा प्रश्न होऊ शकतो. ते खरे आहे. परंतु शाळा म्हणजे न्यायालय नव्हे. आणि न्यायालय जी जागा अनोळखी माणसास ठेविते, ती शाळेने आपल्या मुलास ठेवू नये काय?

आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो, आपली चूक सांगितली, आणि ठरावाचा पुनर्विचार व्हावा अशी विनंती केली. पुनः सभा भरली. पुष्कळ वाद झाला, कोणी आम्हांस मऊ म्हटले. परंतु शेवटी असे ठरले की, दोघांनाही शाळेत ठेवावे. वर गेलेल्या मुलास काही दिवस वर्गाबाहेर ठेवून सहामाही परीक्षा वेगळ्या खोलीत द्यावयास लाविले, आणि त्याने सर्व शिक्षकांसमोर क्षमा मागितली. माघारी फिरलेल्या मुलास, किल्ली करण्यात भाग घेतल्याबद्दल, कानउघाडणी झाली. त्याहून अधिक काही नाही. मग आम्ही त्या पालकांस भेटून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. पेटी आणि खिसा ह्यांची उदाहरणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "म्हणजे, सर, कपाट रिकामे निघाले हे माझ्या मुलाचे नशीब, पुण्य नव्हे." ह्याहून चांगल्या शब्दांत आम्हांसही ते सांगता आले नसते.

दोन्ही मुले आता मोठी झाली असून आपापल्या उद्योगास लागली आहेत. त्यांच्या संमतीनेच ही गोष्ट येथे छापली आहे. वर गेलेल्याने परवा भेटीत एक गोष्ट सांगितली, ती आम्ही पूर्वी ऐकिली नव्हती. जिना चढताना तो दर पायरीस मागे वळून पाहत होता, मित्र पुनः हाक मारील काय म्हणून. एक हाक आली असती, तर तोही फिरला असता.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही माघारी फिराल तेव्हा एकटे फिरू नका. मित्रास एक हाक मारा. आणि पालकहो, मूल अर्ध्या वाटेवरून परत आले, तर त्याच्या हाती किल्ली होती एवढेच पाहू नका. त्याची पावले कोणत्या दिशेस वळली होती, तेही पाहा.